शुरीसाठी राखून ठेवलेली हाक

उतार संपून पुढची चढण लागली तशी अमाची पुन्हा थांबली.

"दमले नाहीये मी," ती म्हणाली. "बुटाची नाडी सुटलीय."

तिच्या बुटांना नाड्याच नव्हत्या. दोघी उभ्या राहिलो. समोर सेज नावाची करडी, खुरटी झुडपं, त्यांच्या बुडाशी अजून न वितळलेलं हिंव, आणि त्यापलीकडे आटून पांढरं पडलेलं तळं. मागे आमची गाडी कोरड्या ओढ्यात तिरकी बसलेली, काडेपेटीएवढी दिसत होती.

"अमाची, बस जरा. घोडे काही पळून जात नाहीत."

"घोडे पळूनच जातात, बाई. त्यांना दुसरा धंदा काय?"

गावात सगळे तिला अमाची म्हणतात. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या बास्क लोकांच्या बोलीत अमाची म्हणजे आजी. खरं नाव ग्रासियाना इथुराल्डे. पण त्या नावाने तिला फक्त पोस्टमन आणि लेलंड हॅस्कल हाक मारतात. पोस्टमनवर तिचा राग नाही.

आठवड्यापूर्वी चर्चमधून बाहेर पडताना तिने माझा दंड धरला होता. "मरायच्या आधी एकदा रानघोडे बघायचेत. तुझी गाडी उंच आहे. चल." नेव्हाडाच्या या उंच माळरानावर जन्म काढलेल्या बाईने रानघोडे बघायचे राहिलेत म्हणावं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तिच्या घरामागच्या टाकीवर ते उन्हाळाभर पाणी प्यायला येतात, आणि ही त्यांना झाडू घेऊन हाकलते.

डॉटीने तर तोंडावरच विचारलं. या वाटेवरचा शेवटचा पेट्रोल पंप डॉटीचा. पंपाला लागून दुकान, दुकानाच्या मागे चार खोल्या. आदल्या संध्याकाळी आम्ही तिथे मुक्कामाला उतरलो तेव्हा तिने अमाचीपुढे ॲपल पायचा तुकडा ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घोडे बघायला? तू? अगं, तुझ्या दारात येऊन शेण टाकून जातात ते."

"ते घरचे," अमाची म्हणाली. "हे पाहुणे."

"उद्या तिकडे रानघोड्यांची सरकारी धरपकड आहे, ठाऊक आहे ना? हेलिकॉप्टर आलंय. लेलंड पण दुपारी गेला, मागे डीकनला घेऊन."

अमाचीचा काटा बशीवरच थांबला. "कसा आहे?"

"लेलंड? गुडघे गेलेत बिचाऱ्याचे."

"त्याला कोण विचारतंय? घोडा."

"घोडा मजेत. लेलंडपेक्षा त्याचं पोट मोठं."

अमाचीने तुकडा संपवला, बशी पुसून घेतली आणि झोपायला गेली. पहाटे मला तिनेच उठवलं.

डांबरी रस्ता डॉटीच्या पंपापाशीच संपतो. पुढे खडी, मग पांढरी माती, मग नुसत्या चाकोऱ्या. तिथला दगड पातीसारखा फुटतो आणि टायर कापतो. पहिलं चाक बसलं तेव्हा अमाची पायरीवर बसून कांदा आणि लाल मिरचीतलं सॉसेज पावाबरोबर खात होती आणि मला जॅक कसा लावायचा ते शिकवत होती. दुसरं चाक बसलं तेव्हा शिकवण्यासारखं काही उरलं नाही, कारण स्टेपनी लागलेली होती. मी म्हटलं, थांबू, कोणी ना कोणी येईल.

"इथे कोणी आलं तर उद्या येतं. माझं काम आज आहे." तिने पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली.

"काम? आपण घोडे बघायला आलोय ना?"

"बघायचेच आहेत. आणि लेलंडला ते बघताना बघायचंय."

मग ती चढणीवर, थांबत थांबत, सांगत गेली. बरंचसं मला गावाकडून ठाऊक होतं. मधलं ठाऊक नव्हतं.

ग्रासियाना फ्रान्सच्या डोंगरांतल्या एका खेड्यातून इकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मेंढपाळांच्या खानावळीत भांडी घासायला आणि चादरी धुवायला. बास्क मेंढपाळ हिवाळ्यात डोंगरावरून उतरायचे, लांब टेबलांवर कोपराला कोपर लावून जेवायचे, आणि एकमेकांच्या गावच्या मुलींना हसवायचे. पेयो इथुराल्डे तिला हसवू शकला नाही. तो लाजाळू होता. पण त्याला इरिंत्सी घालता यायची. ही मेंढपाळांची आरोळी. या डोंगरावरचा माणूस त्या डोंगरावरच्याला कळवायला घालतो. खाली, घशातल्या हसण्यासारखी सुरू होते, चढत जाते, थरथरते, आणि शेवटी घोड्याच्या खिंकाळण्यात मिसळून जाते. पेयोने खानावळीच्या मागच्या अंगणात ती घातली तेव्हा ग्रासियानाच्या हातातली चादर चिखलात पडली. लग्नानंतर त्यानेच तिला ती शिकवली. माळावरच्या चाकांच्या घरात दोघं राहायचे. तो मेंढरांमागे, ती चुलीशी. जेवण झालं की ती दारात उभी राहून आरोळी द्यायची आणि दोन डोंगर पलीकडून त्याचं उत्तर यायचं. मुलगे झाले, शिकले, शहरात गेले. मेंढरं विकली. गावाबाहेर थोडी जमीन घेऊन दोघं स्थिरावले.

पेयोच्या शेवटच्या हिवाळ्यात शुरी आला.

एका धरपकडीच्या दुसऱ्या दिवशी पेयोला माळावर मेलेली घोडी दिसली आणि तिच्या अंगाला चिकटून उभं राहिलेलं शिंगरू. दोन दिवसांचं असेल. मातकट रंग, पाठीवर काळी रेघ, कपाळावर पांढरा ठिपका. रानघोडा सरकारचा असतो. दिसला तर रानघोड्यांच्या सरकारी कचेरीला कळवायचं, हात लावायचा नाही, हे इथल्या पोराटोरांना कळतं. पण आईवेगळं वासरू किंवा शिंगरू दिसलं की इथला माणूस ते गाडीत घालतो आणि मग विचार करतो. पेयोने तेच केलं. कोटात गुंडाळून घरी आणलं. कचेरीला कळवू, उद्या कळवू, असं दोघं म्हणत राहिले, आणि शिंगरू स्वयंपाकघरात चुलीशी झोपायला लागलं. शुरी म्हणजे पांढरा. ठिपक्यावरून नाव पडलं.

पेयोची छाती तोवर गेली होती. तो अंथरुणातूनच आरोळी द्यायचा, बारीक, अर्धी. शुरी कुठेही असला तरी खडखडत यायचा आणि पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकायचा. मग ग्रासियाना बाटली द्यायची. आधी आरोळी, मग दूध. तिनेही तसंच करायला सुरुवात केली. अंगणातून, तबेल्यातून, कुंपणापलीकडून. तिची आरोळी पेयोच्या अगदी सारखी होती. शुरीला फरक कळायचा नाही.

मार्चमध्ये पेयो गेला.

"त्याला पुरून आल्यावर सगळं गाव जेवायला होतं," अमाची म्हणाली. इथे ती खरंच थांबली, नाडीचं निमित्त न करता. "कोकराचा रस्सा केला होता. लेलंडने दोनदा घेतला. भांड्याच्या तळाचं पावाने पुसून खाल्लं. मला म्हणाला, ग्रासियाना, पेयोसारखा माणूस होणे नाही. मग म्हणाला, जरा पाय मोकळे करून येतो. तबेल्यात गेला."

"त्याने शुरीला पाहिलं."

"पाहिलं? त्याला पेंढ्यावर बसून साखर चारली. मी खिडकीतून बघत होते. मला बरं वाटलं, माहीत आहे? वाटलं, चला, कोणीतरी पेयोच्या पोराचे लाड करतंय."

पुढच्या आठवड्यात लेलंड कचेरीला कळवून तिची गाडी घेऊन आला. कागद बरोबर होते. सरकारी घोडा परवानगीशिवाय ठेवणं गुन्हा. पण ग्रासियाना नुकतीच विधवा झालीय, तेव्हा तिच्यावर खटला भरू नका, असं लेलंडनेच साहेबांना सांगितलं होतं. वर घोडा रीतसर दत्तकही त्यानेच घेतला. त्याने तिला दारात उभं राहून हे उपकार समजावून सांगितले. शुरी गाडीत चढेना. लेलंडने त्याला साखर दाखवली.

"आणि मग त्याचं त्याने काय केलं?" मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तुला दिसेलच आता."

टेकडीच्या माथ्यावर पाच-सहा माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसली होती. धरपकड बघायला लोकांना तेवढीच जागा दिलेली असते. कचेरीची एक तरुण बाई खाकी जाकीट घालून त्यांच्यावर नजर ठेवून होती. आम्हाला पायी येताना बघून ती धावत आली, अमाचीला पाणी दिलं, आपली खुर्ची दिली.

"आजी, इथे बसा. उभं राहायचं नाही, हात हलवायचे नाहीत, आणि अगदी शांत. आवाज झाला की घोडे बिथरतात."

"मी कशाला आवाज करतेय, पोरी? मला धड श्वास घेता येत नाहीये."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती. तिने जपमाळ काढली आणि मण्यांवरून बोटं फिरवू लागली.

खाली सगळा सापळा पसरलेला होता. लोखंडी जाळ्यांचा कोंडवाडा. त्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना तरटाच्या भिंती, नरसाळ्यासारख्या रुंदावत माळात गेलेल्या. हेलिकॉप्टर दूरवरून कळप हाकत आणतं. कळप तरटाच्या आत शिरला की हेलिकॉप्टर मागे राहतं, आणि तिथे भिंतीआड दडलेला माणूस एक माणसाळलेला घोडा सोडतो. त्या घोड्याला ठाऊक असतं की कोंडवाड्यात ओट ठेवलेले आहेत. तो सरळ आत पळतो. भेदरलेला कळप, पुढे कोणीतरी आपल्यातलं वाट दाखवतंय असं समजून, त्याच्या मागे जातो. मग दार लागतं. इकडे त्याला जुडास घोडा म्हणतात, येशूला चुंबन देऊन पकडून देणाऱ्याच्या नावावरून.

या खोऱ्यातला जुडास म्हणजे लेलंडचा डीकन; शुरीला त्याने हेच नाव दिलं होतं. त्याच्याइतका चांगला कुणाकडे नाही. रानात जन्मलेला, म्हणून त्याचा वास कळपाला परका वाटत नाही. आणि चुलीशी वाढलेला, म्हणून माणसावर त्याचा पूर्ण भरवसा. गेल्या सगळ्या वर्षांत या माळावरून जेवढे घोडे गेले तेवढे त्याच्या शेपटीमागे गेले. लेलंडचं त्यावर नाव झालं. शाळेत पोरांपुढे बोलायला बोलावतात त्याला.

अमाचीने शुरीला लांबून ओळखलं. तरटाच्या टोकाशी लेलंड त्याची मोहरकी धरून उभा होता. शुरीचं तोंड पांढुरकं झालं होतं, पोट सुटलं होतं, पण कातडी तेल लावल्यासारखी चमकत होती. रोज खरारा केल्याशिवाय अशी चमकत नाही. लेलंड त्याच्या कानामागे खाजवत होता आणि शुरी डोळे मिटून डोकं त्याच्या खांद्यावर टाकून उभा होता.

लेलंडने त्याला उपाशी ठेवला असता, मारला असता, तर तिला सोपं गेलं असतं. त्याने त्याला चांगलं ठेवलं होतं. हेच तिला सहन होईना. चांगलं ठेवून त्याच्याकडून हे करून घेतलं, आणि त्या मुक्या जिवाला आपण काय करतोय याचा पत्ताही नाही. जपमाळेवरची तिची बोटं थांबली.

रविवारी चर्चमध्ये मी तिच्या शेजारी बसते. प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की अमाची तोंड मिटते. पुढची ओळ आली की पुन्हा सुरू करते. मला इतकी वर्षं वाटायचं, दम लागतो म्हणून.

पेयो गेल्यापासून तिने इरिंत्सी घातलेली नव्हती. दरवर्षी जुलैत बास्क लोकांची जत्रा भरते, तिथे आरोळीची स्पर्धा असते. तरुण मुली हातापाया पडायच्या, अमाची, एकदाच. ती गळ्याला हात लावून मान हलवायची. आवाज गेला, बाई. लोकांना ते पटलं होतं. आवाज गेलेला नव्हता. घराखालच्या तळघरात, बटाट्याच्या पोत्यांमध्ये बसून, तोंडावर उशी दाबून ती आरोळी घोटायची. तिने ती कुणापुढे खर्चली नाही. ऐकणारा एकच होता आणि वेळही एकच होती: हेलिकॉप्टर मागे राहतं आणि जुडास सुटतो, त्याच्या मधली.

आधी धूळ दिसली. मग आवाज आला, टेकडीतून पायात चढणारा. मग घोडे. पुढे एक काळी घोडी, मागे बाकीचे, तपकिरी, करडे, लाल, एकमेकांना चिकटून पळणारे, पोरं मध्ये धरलेली. वरून हेलिकॉप्टर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकत त्यांना दाबत होतं. खुर्च्यांवरची माणसं श्वास धरून बघत होती. एका बाईने तोंडावर हात ठेवला.

कळप तरटाच्या आत शिरला. हेलिकॉप्टर वर उचललं गेलं आणि मागे पडलं. लेलंडने मोहरकी उतरवली, शुरीच्या पुठ्ठ्यावर थाप दिली.

अमाची उभी राहिली.

"आजी, खाली बसा," कचेरीची बाई पुटपुटली.

अमाचीने तोंड उघडलं आणि त्यातून फक्त हवा आली. खोकला आला. शुरी कोंडवाड्याकडे निघालासुद्धा, आरामात, रोजच्या कामाला निघालेल्या माणसासारखा, आणि काळी घोडी त्याच्या मागे लागली. अमाचीने माझा खांदा पकडला. बोटं हाडापर्यंत रुतली. मग तिच्या पोटातून, कुठल्या तरी खोल जागेतून, ती आरोळी आली.

मी जत्रेत पुष्कळ इरिंत्स्या ऐकल्यात. तशी पुन्हा ऐकायची माझी छाती नाही. खालून उठली, हसत उठली, आणि मग चढत गेली, इतकी की खुर्चीवरच्या एका माणसाने कानावर हात ठेवले. समोरच्या डोंगरावर आपटून ती परत आली तेव्हा अमाची अजून ओरडतच होती.

कोंडवाड्याच्या दारात शुरीने पुढचे पाय रोवले. कान सरळ उभे. धूळ त्याच्या पुढे निघून गेली. मग तो जागच्या जागी वळला, तरटाच्या फटीतून बाहेर पडला, आणि टेकडीच्या दिशेने धावत सुटला. काळी घोडी त्याच्या मागे वळली. तिच्या मागे सगळा कळप, तरट फाडत, खांब पाडत, पाणी बांध फोडून निघावं तसा. लेलंड दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला आणि शेवटच्या क्षणाला बाजूला पडला.

"आजी! काय केलंत हे!" कचेरीची बाई रडवेली झाली होती.

अमाचीला ऐकू येत नव्हतं. पिशवीतून पावाचा तुकडा काढून तिने हात पुढे केला होता आणि टेकडीच्या उतारावर चार पावलं खाली गेली होती. शुरी येत होता. कपाळावरचा ठिपका दिसेल इतका जवळ आला आणि थांबला. नाकपुड्या फुलल्या होत्या. मान पुढे करून त्याने वास घेतला.

"ये, शुरी. ये बाळा."

मागून कळप गडगडत पलीकडच्या घळीत शिरत होता. काळी घोडी खिंकाळली. शुरीने एकदा तिकडे पाहिलं, एकदा अमाचीकडे. मग वळला आणि आपलं सुटलेलं पोट सांभाळत त्यांच्या मागे गेला.

घळीतून धूळ वर आली. हेलिकॉप्टरने एक फेरी मारली आणि ते परतलं. त्या घळीत त्याला शिरता येत नाही.

अमाचीचा हात अजून पुढेच होता. या क्षणानंतर काय, याचा तिने कधी विचारच केलेला नव्हता. तळघरात बसून तिने एवढंच पाहिलं होतं, की शुरी वळतो आणि लेलंडचं तोंड उतरतं. शुरी आपल्याकडे येईल, हे ती धरूनच चालली होती.

लेलंड लंगडत चढण चढून आला. टोपी पडली होती, कोपर फुटलं होतं. एका हातात ओटची बादली तशीच.

"ग्रासियाना."

"हो. मीच."

"खाली असताना मला वाटलं, पेयोच ओरडतोय." त्याने तोंड पुसलं. "एवढी वर्षं थांबलीस?"

"तू माझ्या घरी दोनदा रस्सा वाढून घेतलास ना, तेव्हापासून."

"त्याला मी पोटच्या पोरासारखा सांभाळला."

"पोटच्या पोराकडून त्याचीच माणसं पकडवून घेतोस?"

"मी नेला नसता तर त्याला सरकारी कोंडवाड्यात टाकलं असतं. हजारांत एक. तुला माहीत आहे हे."

"मला एवढंच माहीत आहे, की तू विचारलं नाहीस. माझ्या टेबलावर बसला होतास. तोंडात माझं अन्न होतं. विचारता आलं असतं."

लेलंडने घळीकडे पाहिलं. बोलताना त्याचा आवाज खाली गेला. "त्याला पाणी शोधता येत नाही, ग्रासियाना. नळाचं पितो तो. बर्फ पडलं की खुराने उकरून गवत काढायचं त्याला कोणी शिकवलं नाही. नर घोडे त्याला कळपात टिकू देणार नाहीत. तू मला नाही, त्याला मारलंस."

"तो इथेच जन्मला."

"जन्मला इथे. वाढला कुठे? तुझ्या चुलीपाशी." लेलंड थकलेला दिसत होता. "रानातून त्याला आधी तुम्हीच उचललंत. मी नंतर आलो."

मी अमाचीच्या जवळ गेले, पण तिने मला कोपराने बाजूला सारलं.

"मग जा, शोध त्याला," ती म्हणाली. "रोज शोध. बादली वाजवत हिंड. गुडघे गेलेत ना तुझे? रांगत हिंड."

तो खरोखरच गेला. घळीच्या तोंडाशी उभा राहून बादली हलवत "डीकन! डीकन!" म्हणून हाका मारत राहिला. अमाचीने हातातला पाव तोंडात टाकला आणि त्या हाका संपेपर्यंत तो चावत उभी राहिली.

कचेरीच्या बाईने तिचं नाव-गाव उतरवून घेतलं. या जागी पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, पुढची कारवाई घरी कळवू, असं सांगितलं. मग त्याच बाईने आम्हाला आपल्या गाडीत घेतलं, वाटेत पाणी पाजलं, आमच्या गाडीला स्वतःकडचं चाक लावून दिलं. जाताना अमाचीला म्हणाली, "माझी आजी असती तर मी तिला चांगली झापली असती." अमाची म्हणाली, "झापायला ती तुला सापडली असती तर."

परत निघालो. अमाची खिडकीला डोकं टेकून बसली. छातीतली शिट्टी आता सारखी वाजत होती. मला वाटलं झोपली. डॉटीचा पंप दूरवर दिसायला लागला तेव्हा तिने डोळे न उघडताच विचारलं, "पुढच्या शनिवारी आणशील मला?"

"तुला बंदी घातलीय ना?"

"टेकडीवर घातलीय. रस्त्यावर नाही. घळीच्या पलीकडे एक झरा आहे, तिथे मेंढरं पाजायचो आम्ही. शुरी पोचला तर तिथे पोचेल. मला बघायचंय."

मी हो म्हटलं.

"दिसला तर दिसला," ती म्हणाली. "पण पडलेला दिसला..." ती थांबली. मग माझ्याकडे वळून सरळ बसली. "लेलंड तुला विचारेल. मला नाही विचारणार, माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास नाही. तुझ्यावर आहे. गावात कुणालाही विचार, तू कधी खोटं बोलली नाहीस. त्याला सांग, शुरी दिसला. डोंगरापलीकडे, घोड्यांच्या घोळक्यात, अंगाने भरलेला. एवढंच. मग तो शोधत राहील."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते.

"मेलेला दिसला तरी हेच सांगायचं," अमाची म्हणाली. "एवढं माझ्यासाठी कर."